अलेप्पीची खारट दोरी

अलेप्पीचं नाव काढलं की हल्ली लोकांच्या डोळ्यांपुढे हाउसबोट येते. माझ्या नाकात वास येतो. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, महिनोन्‌महिने पाण्यात कुजत ठेवली की जो सुटतो तो वास, सडक्या अंड्यासारखा, पहिल्या दिवशी नाक दाबायला लावणारा आणि तिसऱ्या दिवशी जाणवतही नाही असा. त्या गावाचं नाव आता बदललंय म्हणतात. बदलू दे. माझा पहिला सौदा मी अलेप्पीत केला, तेव्हा माझ्यापुरतं ते अलेप्पीच.

आमचं दुकान पनवेलच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं आणि दुकानाच्या मागे घर. पुढे काथ्याच्या दोरीच्या गुंड्या, सुतळी, ताडपत्री, होडीला लावायचं डांबर, जाळ्यांचं सूत. मागच्या अंगणात जवळच्या कोन गावाहून आलेले बांबू उभे केलेले. घरात शिरताना अंगाला काथ्याची कुसळं चिकटायची, ती जेवणाच्या ताटापर्यंत यायची. आई वालाचं बिरडं वाढताना आधी फुंकर मारायची आणि मग वाढायची. सकाळी माझी झोप मोडायची ती नानांच्या आवाजानं. नाना म्हणजे माझे वडील. ते दोरी वावावर मोजायचे, म्हणजे दोन्ही हात पसरून, छातीवरून दोरी ओढत, आणि प्रत्येक वावाला असा हुंकार द्यायचे की गल्लीतल्या माणसाला न बघता कळावं, आज मोठं गिऱ्हाईक आलंय.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. नाव वसंत. कॉलेजात जायचा, केस मागे वळवायचा, स्वभावानं इतका मऊ की त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही, आणि मला तर रागावल्याशिवाय दिवस जायचा नाही. तो गल्ल्यावर बसला की कोळणी त्याला "बाला, बाला" करत भाव पाडून दोरी घेऊन जायच्या. मी सुतळीच्या पोत्यांमागे बसलेली असायचे. मधूनच ओरडायचे, "दादा, त्या भावात ती गुंडी नाही जायची." मग त्या बायका मान वाकडी करून पोत्यांमागे बघायच्या. एकदा एकजण म्हणाली, "शेट, तुमच्या पोत्यात काय नाग ठेवलाय?" नाना हसले होते. मला तेव्हा वाटलं होतं की कौतुकानं हसले.

दोरी पारखायची नानांची पद्धत सगळ्या पनवेलला माहीत होती. गुंडीचं टोक ते जिभेला लावायचे. मुंबईचे घाऊक व्यापारी दोरी खाऱ्या पाण्यात बुडवून वाळवायचे. त्यानं वजन वाढतं. पण अंगात मीठ शिरलेली दोरी पावसाळ्यात हवेतली ओल पिते, ढिली पडते आणि दिवाळीपर्यंत कुजते. गावाच्या एका अंगाला मिठागरं आणि दुसऱ्या अंगाला खाडी असलेल्या माणसांच्या जिभेला मीठ लगेच कळतं. खारट लागली की नाना थुंकायचे आणि माल परत पाठवायचे. दादाही तसंच करायचा, मीही. आमच्या घरात तांदूळ पाखडण्याइतकी ती साधी गोष्ट होती.

त्या सुमाराला पनवेलच्या आसपास नव्या इमारती उठायला लागल्या होत्या. पुढे करंजाड्यापर्यंत सगळीकडेच उठल्या, पण तेव्हा ते नवल होतं. इमारत म्हटली की बांबूची परांची आली आणि परांची म्हटली की काथ्याची दोरी. कंत्राटदार दुकानात येऊन एका वेळी इतकी दोरी मागायचे की नानांचे हात मोजून दुखायचे. मुंबईचा व्यापारी मधल्या मधे खातोय हे नानांना दिसत होतं. त्यांनी ठरवलं, जिथे दोरी पिकते तिथेच जायचं.

मी त्या प्रवासाला गेले ती स्वयंपाकीण म्हणून. हे मी स्पष्ट लिहिते, कारण नंतर घरात सांगताना "मंदालाही फिरवून आणलं" असं सांगण्यात आलं. नानांच्या पोटात व्रण होता. बाहेरचं तिखट त्यांना चालायचं नाही. आईला घर आणि दुकान सोडून निघता येत नव्हतं. मग स्टोव्ह, तांदळाचं पीठ, तवा आणि मी असं सामान बांधलं गेलं. त्याच महिन्यात माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, आणि मी नानांना सरळ सांगितलं होतं की मला लग्नाची घाई नाही, मला दुकानात बसायचंय. पोत्यांमागे नाही, गादीवर. नाना पान लावत होते. म्हणाले, "आधी अलेप्पीहून येऊ. दुकानात कोणी बसायचं ते आल्यावर ठरवू." दादा समोरच होता. त्यानंही ऐकलं. मी त्या एका वाक्यावर तो सगळा प्रवास केला, गाड्या बदलत, मांडीवर तवा घेऊन.

अलेप्पी म्हणजे पाण्याचं गाव. गावातून दोन मोठे कालवे समुद्राच्या दिशेनं गेलेले, त्यांच्या काठानं रस्ते, रस्त्यांना लागून वखारी, कचेऱ्या, मोठाली लाकडी दारं. कधी काळी तिथे जहाजं लागायची, दूरदेशीचे व्यापारी राहायचे. तो सगळा भाग बघण्यासारखा होता आणि बघायला येणारी माणसंही होती. दादानं पहिल्याच दिवशी काळा चष्मा विकत घेतला. आम्ही उतरलो एका गुजराती धर्मशाळेत. नाना आणि दादा सकाळी भाकरी खाऊन वखारींकडे जायचे ते दुपारी यायचे. त्यांच्यासाठी मी भात टाकून झाकून ठेवायचे आणि मग मला काही काम नसायचं. खोलीच्या खिडकीतून कालवा दिसायचा. दोन दिवस मी नुसती बघत बसले. तिसऱ्या दिवशी चपला घातल्या आणि माणसं जिकडे जात होती त्याच्या उलट दिशेला चालायला लागले.

मोठा कालवा सोडला की त्याला फाटे फुटतात. फाट्याला आणखी फाटे. रस्ता संपतो, मग पायवाट, मग पायवाटही इतकी अरुंद की समोरून बाई आली तर एकीनं नारळाच्या झाडाला धरून थांबायचं. पाणी दोन्ही बाजूंना, हिरवं, हललं तर हललं. आमच्या खाडीच्या पाण्याला घाई असते, भरती म्हणून आत यायचं, ओहोटी म्हणून बाहेर जायचं, मधे चिखल उघडा टाकून. हे पाणी घरच्यासारखं बसलेलं होतं. प्रत्येक घराला पाण्यात उतरायच्या दोन-चार पायऱ्या, त्या पायऱ्यांवर कोणी भांडी घासतंय, कोणी मासे साफ करतंय, एक म्हातारी नुसते पाय बुडवून बसलेली. पलीकडे जायला नारळाचं एक खोड आडवं टाकलेलं, तोच पूल. बायका डोक्यावर ओझं घेऊन त्या खोडावरून अशा जात होत्या की मी पनवेलच्या बाजारातूनही तशी कधी चालले नाही. कुठे मोटारीचा आवाज नाही. वल्ह्याचा आवाज, कोंबड्यांचा, लांबून देवळातली घंटा, आणि या सगळ्याखालून एक घरघर, थांबत नव्हती अशी. मी त्या घरघरीच्या मागे गेले.

झाडांखालच्या लांबट मोकळ्या जागेत बायका दोरी वळत होत्या. एकजण चाक फिरवत होती. बाकीच्या कमरेला काथ्याची झोळी बांधून चाकाला पाठमोऱ्या नव्हे, तर चाकाकडे तोंड करून उलट्या पावलांनी मागे मागे जात होत्या, आणि त्यांच्या बोटांतून सूत निघत होतं. न बघता. गप्पा मारत, एकमेकींना हसत, एकीच्या काखोटीला पोर. मी जन्मापासून दोरीच्या दुकानात वाढलेली, आणि दोरी जन्मताना मी पहिल्यांदा बघत होते. सोन्याच्या रंगाचा धागा होता तो. आमच्याकडे मुंबईहून यायची ती दोरी तपकिरी, राठ, हाताला लागणारी. हे काहीतरी वेगळंच होतं. किती वेळ उभी होते कोण जाणे.

तेवढ्यात झोपडीतून एक बाई बाहेर आली. काळी, उंच, कमरेला लुंगीसारखं पांढरं मुंडू, कानात जड सोनं, चालण्यातच कळत होतं की ही जागा तिची आहे आणि या बायका तिच्या शब्दावर आहेत. मला वर-खाली बघून तिनं विचारलं, "किधर का है?"

मी दचकले. त्या मुलखात आल्यापासून धर्मशाळेबाहेर मला समजेल असं कोणी बोललं नव्हतं. म्हटलं, "पनवेल. बंबई के पास."

"बंबई मैं देखा है. चेंबूर में चार साल था. मेरा आदमी उधर फॅक्टरी में." तिच्या हिंदीत सगळेच पुरुष होते, ती स्वतःसुद्धा. "अभी वो मर गया. मैं इधर. तंकम्मा. तू क्या देखता है?"

"दोरी."

"देखने का पैसा नहीं. देख."

आता जे झालं ते पनवेलच्या माणसाकडूनच होऊ शकतं. मी वाकले, सुताचं टोक उचललं आणि जिभेला लावलं. खारट. चांगलं खारट. माझं तोंड आपोआप वाकडं झालं आणि मी थुंकले, घरी थुंकायचे तशी. चाक थांबलं. बायका बघायला लागल्या.

"रस्सी खाता है?" तंकम्मानं विचारलं.

मी म्हटलं, "नमक है इसमें. वजन के लिए डाला है."

मला वाटलं होतं ती गडबडेल. आमच्याकडचा व्यापारी पकडला गेला की शपथा घेतो. तंकम्माचे डोळे तांबडे झाले. तिनं माझं मनगट धरलं आणि मला ओढत मागच्या बाजूला पाण्याकडे नेलं. तिथे तो वास होता. काळ्या पाण्यात सोडणं भरलेली जाळी बुडवून ठेवलेली, वर चिखलाचं वजन. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून दोन बायका एक जाळं उपसत होत्या. तंकम्मानं ओंजळीत पाणी घेऊन माझ्या तोंडापुढे धरलं. "पी."

मी जीभ लावली. निमखारं. आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला, गोडं पाणी येऊन मिळतं तिथे लागतं तसं.

"समुंदर का पानी अंदर आता है. इसमें छिलका सोता है, बहुत महीना. तब ऐसा सोना निकलता है. मैं नमक डालेगा? नमक का पैसा कौन देगा, तेरा बाप?"

मी तिथेच चिखलात बसले. राग विरला होता आणि डोकं चालायला लागलं होतं. आमच्याकडे खारट दोरी वाईट, कारण ती तयार झाल्यावर खाऱ्या पाण्यात बुडवलेली. हिची खारट, कारण सोडण खाऱ्यात कुजलं की चिवट धागा सुटतो आणि कमी कुजलेल्याचा तुटतो. म्हणजे नाना आणि दादा गेले दोन दिवस वखारींतून जीभ लावत फिरताहेत आणि चांगली चांगली दोरी थुंकून टाकताहेत. आदल्या रात्री जेवताना दादा म्हणालाच होता, "नाना, त्या मोठ्या वखारीतली तपकिरी बघितली ना? मिठाचा अंशसुद्धा नाही." उद्या-परवा ते ती तपकिरी घेणार होते. खाऱ्या पाण्यापासून लांब कुठेतरी यंत्रानं कुटलेल्या, धड न कुजलेल्या सोडणाची. आणि ती दोरी पनवेलला पावसात परांचीला बांधली जाणार होती, वर माणसं चढणार होती.

मी उठले. तंकम्माकडे एक गुंडी मागितली. तिनं दिली नाही. म्हणाली, "बाप को लेके आ."

इथे थोडं आत्ताचं सांगते. दोन वर्षांपूर्वी नातीनं मला तिकडे नेलं. तिनं हाउसबोट ठरवली होती, आत गार हवा, पलंग, फळांची परडी. शंभर बोटी एकामागोमाग एक, वरातीसारख्या. मी दुपारी तिला म्हटलं, मला खाली उतरव. रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडून मी त्या फाट्यांकडे गेले. तिथे अजूनही कोणी येत नाही. खोडाच्या जागी सिमेंटचा पूल, पाण्यावर जलपर्णी, चाकांची घरघर एखाददुसऱ्याच आवारात, तीही विजेवरची. पण पायऱ्या होत्या. पायऱ्यांवर बाई मासे साफ करत होती. नात म्हणाली, "आजी, इथे बघायला काय आहे?" मी तिला म्हटलं, बस आणि गप्प बघ. ती अर्धा तास बसली, आणि मग फोन बाजूला ठेवून पाण्यात पाय सोडले.

तर, त्या संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता मी नानांना सगळं सांगितलं. दादा आडवा पडला होता. तो हसला. "नाना, ही आता स्टोव्हपाशी बसून दोरी पारखते."

मी म्हटलं, "तू वखारीत बसून थुंकतोस त्यापेक्षा बरं."

"मंदे," नाना म्हणाले. "खारट दोरी घेऊन मी पनवेलला तोंड दाखवू? माझ्या जिभेवर गाव विश्वास ठेवतं."

"जिभेवर नका ठेवू. ओढून बघा. दोन्ही दोऱ्या भिजवा आणि ओढा. पावसात जी टिकेल ती घ्या."

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला. भिजवून ओढायची गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरली होती, ते मला त्यांच्या चावण्यावरून कळलं. ते जेव्हा एखाद्या गोष्टीचा विचार करायचे तेव्हा फार सावकाश चावायचे.

सकाळी आम्ही तिघं निघालो. दादाच्या खांद्यावर वखारीतली नमुन्याची गुंडी. नाना खोडाच्या पुलावर माझा हात धरून आले, आणि पलीकडे उतरल्यावर थांबून त्यांनी चहूकडे पाहिलं. म्हणाले, "काय जागा आहे गं." तेवढंच, पण नाना असं फारसं कशाला म्हणायचे नाहीत. तंकम्माच्या आवारात मी दोन्ही दोऱ्या कालव्यात बुडवून ठेवल्या. काठाला सोडणांनी भरलेली एक होडी लागलेली होती, ती ओढून पुढच्या पायरीपर्यंत न्यायची असं ठरलं. आधी तंकम्माची दोरी. दादानं ओढली, होडी म्हशीसारखी जडपणानं हलली आणि आली. मग वखारीतली. दादानं पाय रोवले, जोर लावला, आणि दोरी मधोमध तुटली. दादा चष्म्यासकट पाण्यात बसला. चाकावरच्या बायका इतक्या हसल्या की त्यांचं सूत तुटलं. पहिल्यांदा दादाच हसला हेही सांगायला हवं. तो तसाच होता.

नाना हसले नाहीत. तुटलेलं टोक त्यांनी हातात घेतलं, बराच वेळ चोळलं. मग एका उलट्या घातलेल्या होडीवर बसले आणि मला म्हणाले, "विचार तिला, कशी देते."

त्या एका वाक्यानं मला काय झालं ते मी आजही लिहू शकत नाही. मी पदर खोचला.

तंकम्माशी मी जो सौदा केला तसा नंतर आयुष्यात कोणाशी झाला नाही. मी भाव पाडला की ती माझ्याकडे न बघता पोरीला सूत नीट वळ म्हणून सांगायची. तिनं भाव सांगितला की मी नानांकडे वळून मराठीत "चला" म्हणायचे. तिचा आग्रह होता की सगळा माल उचलायचा, मागचा काळपट पडलेलासुद्धा. माझा आग्रह होता की माल वजन करण्याआधी उन्हात वाळवायचा, कारण ओलीच्या वजनाचे पैसे मी देणार नव्हते.

"मैं चोर है?" ती ओरडली.

"चोर नहीं बोला. गीला बोला."

"कल नमक बोला. आज पानी बोला. परसों बोलेगा तंकम्मा रेती डालता है."

"डालता है क्या?"

तिनं हातातलं सूत खाली टाकलं. मीही उठले. सौद्यात उठून चालायला लागायचं, चार पावलांवर मागून हाक येते, हे मी पोत्यांमागून हजारदा पाहिलेलं. मी चालायला लागले. हाक आली नाही. खोडाच्या पुलापर्यंत पोचले. हाक नाही. आता पूल ओलांडला तर सौदा गेला आणि वळले तर मी गेले. तेवढ्यात बदकांचा एक थवा कालव्यातून आला. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले, जणू पनवेलहून बदकं बघायलाच आले होते. सगळी बदकं निघून गेली तरी उभी.

मग मागून तंकम्माचा आवाज आला. सौद्याचा नव्हता तो. "ए लडकी. खाना ठंडा होता है."

मी वळले. तिनं केळीच्या पानावर उकडलेले कंदाचे तुकडे आणि माशाचं लालभडक कालवण वाढलं होतं. माझं पान, दादाचं पान. नानांसाठी वाटीत पेज. त्यांच्या पोटाचं मी आदल्या दिवशी एका शब्दानं सांगितलं असेन, ते तिनं लक्षात ठेवलं होतं. नाना एक घोट घेऊन म्हणाले, "ही तर आपलीच पेज." मी बसत नव्हते. तंकम्मानं खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "सौदा अलग. खाना अलग. खा."

ते कालवण कोणत्या तरी काळ्या आंबट फळात शिजवलेलं होतं. आमच्या आमसुलाचा मोठा भाऊ शोभेल असं. डोळ्यांतून पाणी आलं, पण मी पान पुसून खाल्लं. जेवण संपत आलं तेव्हा ती सहज म्हणाली, "दो दिन धूप में सुखाएगा. काला वाला तू आधा लेगा."

मी म्हटलं, "आधा लेगी."

झाला सौदा. हात धुताना तिनं नानांना विचारलं, "ये तेरा दुकान चलाता है?"

नाना म्हणाले, "बेटी है."

"वो मैं नहीं पूछा," तंकम्मा म्हणाली.

पनवेलला माल उतरला आणि पावसाळा लागला. नानांनी त्या सोनेरी गुंड्या पुढे मांडल्या, आणि जो जीभ लावून तोंड वाकडं करायचा त्याला म्हणायचे, "भिजवून ओढ." महिन्याभरात कंत्राटदार दुसरी दोरी नको म्हणायला लागले. होड्यावाल्यांपर्यंत बातमी गेली. मी रोज वाट बघत होते. आल्यावर ठरवू, असं म्हणाले होते नाना.

गोमा तांडेल हा आमचं जुनं गिऱ्हाईक, स्वतःची मोठी होडी असलेला. तो एक दिवस भर पावसात आला. गल्ल्यावर नाना, शेजारी दादा, मी पोत्यांमागे.

"शेट, ही दोरी झ्याक हाय. भिजली तरी ढिली पडत नाय. कोनी आनली?"

नाना म्हणाले, "वसंतानं. अलेप्पीला जाऊन आणली."

मी पोत्यांमागून बाहेर आले. "मी आणली."

गोमानं माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे. "मंग गो पोरी, तू गादीव का नाय बसली?"

"गंमत करते ती," नाना म्हणाले. "मंदे, आत जा. आईला हात दे."

दादा दोरीचं टोक उलगडत बसला. त्या दसऱ्याला त्याला नवं धोतर नेसवून गादीवर बसवलं. पेढे मीच वाटले.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. नवरा कामोठ्याच्या शाळेत मास्तर, भला माणूस, त्याला दोरी आणि दोरा यांतला फरक कळायचा नाही. त्या वेळी कामोठं म्हणजे भातशेतं, एक वस्ती आणि कच्चा रस्ता. मी रस्त्याच्या कडेला दोरी विकायला पत्र्याची शेड घातली. मे महिन्याच्या सुट्टीत नवऱ्याला बरोबर घेऊन अलेप्पीला गेले. तंकम्मानं त्याला वर-खाली बघितलं, जेवायला घातलं, आणि माझ्याशी सकाळपासून दुपारपर्यंत भांडून माल दिला. मी निघताना ती म्हणाली, तुझा भाऊ येऊन गेला. खाना दिया. रस्सी नहीं दिया. वो बोला मैं लाया था पहला माल. मैं बोला, झूठा आदमी, तू उधर वखार में जा.

नानांचं दुकान पुन्हा मुंबईच्या मालावर आलं. कंत्राटदार हळूहळू माझ्या शेडकडे वळले. आणि मग एका दुपारी नाना स्वतः आले. हातगाडीवाला बरोबर. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसले, गुंडी उचलली, जीभ लावली, खारट लागल्यावर पसंतीची मान हलवली. "कशी देतेस?"

मी भाव सांगितला. नाना भडकले. मीही. माल काळा आहे म्हणाले, मी उजेडात नेऊन दाखवला. वाव कमी भरतो म्हणाले, मी त्यांच्यासमोर हात पसरून मोजला. मुंबईचे भाव काढले, बापाला हा भाव लावतेस म्हणाले, उठले, बसले, पाणी मागितलं, प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ते असे भांडायचे ते फक्त मुरलेल्या व्यापाऱ्यांशी. मला घाम फुटला होता आणि मी सुखात होते. शेवटी त्यांनी माझा भाव मान्य केला. गुंड्या हातगाडीवर चढायला लागल्या.

रस्त्यावरून कामोठ्याचाच एक म्हातारा चालला होता. नानांना ओळखून थांबला. "नाना, दोरी चांगली दिसतेय. कुठली?"

"अलेप्पीची."

"इतक्या लांबून? कोण आणतं?"

माझा नवरा शेडच्या मागे खाटेवर पोरांचे पेपर तपासत बसला होता. नानांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "आमचे जावई."

मी हातगाडीवाल्याला थांबवलं. वरची गुंडी उतरवून परत काट्यावर ठेवली आणि नानांना भाव पुन्हा सांगितला. आधीच्यापेक्षा चढा, सगळ्या मालाला. म्हातारा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. नानांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग कनवटीला हात घातला आणि मी सांगितला तो भाव दिला.